काचेखालची ऊब : क्यू उद्यानातील हरितगृहांचा आरंभकाळ

यंदाच्या अंकासाठी लेख मागवताना इतिहासाच्या सरांनी वर्गात सांगितले की, शिवकाल आणि पेशवाई यांवर दर वर्षी ढीगभर लेख येतात आणि बहुतेक सारे एकाच पुस्तकावरून उतरवलेले असतात. तेव्हा ज्याला जे प्रत्यक्ष ठाऊक आहे तेथून सुरुवात करावी आणि मग इतिहासाकडे जावे. मला प्रत्यक्ष ठाऊक असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे पॉलिहाऊस. आमचे गाव मावळात आहे. माझी आई गेली अकरा वर्षे गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये रोजंदारीवर जाते. सुटीत मीही तिच्याबरोबर फुले तोडायला आणि ग्रेडिंगला गेलेली आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी प्रवेशअर्जावर ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना होता, त्यात मी ‘गृहिणी’ असे लिहिले. का लिहिले, ते माझ्या बरोबरीच्या पुष्कळांना सांगावे लागणार नाही.

पॉलिहाऊसच्या आत एप्रिलमध्ये काय होते, हे बाहेरून फुले पाहणाऱ्याला कळत नाही. भर दुपारी काचा लावून उभ्या असलेल्या एस.टी.त चढून पाहावे, तसे होते. ऊन आत येते, माती आणि पाने तापवते. तापलेली हवा मात्र वरच्या पेपरखाली अडकून राहते. आमच्याकडे सारी धडपड ही ऊब बाहेर घालवण्याची. बाजूचे पडदे गुंडाळायचे, फॉगर चालवायचे, वर शेडनेट ओढायचे. मग हा प्रकार मुळात निघाला कशासाठी? ज्यांना ऊब हवी होती, त्यांनी तो काढला. या शोधात ग्रंथालयात लंडनजवळच्या क्यू येथील राजेशाही वनस्पतिउद्यानावरचे एक जाडजूड पुस्तक हाती लागले. इंग्रजी वाचताना दर ओळीला कोश उघडावा लागला, पण महिनाभरात दोन प्रकरणे झाली, आणि मग तिसरे सोडवेना.

क्यू हे गाव लंडनच्या पश्चिमेस टेम्स नदीच्या काठी आहे. अठराव्या शतकात तेथे राजघराण्याच्या दोन लगतच्या जागा होत्या. एक रिचमंडची आणि दुसरी क्यूची, मध्ये एक रस्ता. क्यूच्या जागेत राजपुत्र फ्रेडरिक आणि त्याची पत्नी ऑगस्टा राहत असत. फ्रेडरिकला बागेचा मोठा नाद होता, परंतु १७५१ साली तो वारला. त्याने मनात योजलेले काम त्याच्या विधवेने हाती घेतले. लॉर्ड ब्यूट हा सरदार तिचा सल्लागार होता. १७५९ साली विल्यम एटन नावाच्या स्कॉटिश माळ्याला वनस्पतींच्या बागेवर नेमण्यात आले, आणि हेच वर्ष उद्यानाच्या स्थापनेचे मानतात. एटन चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेत शिकून तयार झालेला होता. गंमत अशी की, जमीन काही चांगली नव्हती. सपाट, रेताड, ना झाडी ना पाणी. तेथे इमारती बांधणाऱ्या सर विल्यम चेंबर्सनेच हे लिहून ठेवले आहे. जगातील सर्वांत नावाजलेले उद्यान चांगल्या मातीवर उभे राहिले असेल, अशी माझी समजूत होती. ती येथेच पुसली गेली.

चेंबर्सने १७६१ साली दोन इमारती पुऱ्या केल्या. त्यांचे नशीब इतके वेगळे निघाले की, त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली म्हणजे ऑरेंजरी, संत्र्या-लिंबाच्या झाडांचे हिवाळ्यातील घर. सुमारे २८ मीटर लांब, विटांची, वरून गिलावा केलेली, पुढे उंच कमानी. दिसायला एखादा राजवाडाच. जमिनीखालून ऊब देण्याचीही सोय होती. पण छप्पर भक्कम आणि अपारदर्शक. उजेड येणार फक्त पुढच्या खिडक्यांतून. झाडांना ऊब मिळाली, उजेड मिळाला नाही. संत्री तेथे कधी सुखाने नांदली नाहीत. शेवटी १८४१ साली त्यांना तेथून हलवले, आणि त्या इमारतीचे पुढे लाकडांचे संग्रहालय झाले. इमारत अजून उभी आहे.

दुसरी इमारत म्हणजे ‘ग्रेट स्टोव्ह’. नावाप्रमाणे ती खरोखरच एक मोठी शेगडी होती. लांबी ११४ फूट. मधला साठ फुटांचा भाग दमट उष्णतेचा आणि दोन्ही टोकांना पंचवीस-पंचवीस फुटांचे कोरड्या उष्णतेचे. मधल्या भागातील ऊब कशी मिळवत, ते वाचून मला आमचा उकिरडा आठवला. कातडी कमावणाऱ्यांकडे वापरून झालेली ओकच्या सालीची भुकटी आणून ती खोल खड्ड्यात भरीत. ती ओली साल आंबू लागली की महिनोन् महिने गरम राही. तिच्यात कुंड्या गळ्यापर्यंत पुरून ठेवायच्या. थंडीच्या सकाळी उकिरड्यातून वाफ निघताना आपण सर्वांनी पाहिलेली आहे. राजघराण्याच्या बागेतील परदेशी झाडे अशाच वाफेवर जगली. ही इमारत देखणी नव्हती, पण झाडांना मानवली. पुढची शंभर वर्षे तिने काम दिले, आणि १८६१ साली ती पाडली. तिच्या अंगावर चढलेली विस्टेरियाची वेल मात्र राहिली. लोखंडी सांगाड्याच्या आधाराने ती आजही तेथे फुलते.

ऑगस्टा १७७२ मध्ये वारली. तिचा मुलगा तिसरा जॉर्ज याच्याकडे दोन्ही जागा आल्या, आणि सर जोसेफ बँक्स हा त्याचा बागेतील उजवा हात झाला. बँक्सला पद नव्हते, पण शब्द त्याचाच चाले. त्याने जगभर माणसे पाठवली. पहिला गेला फ्रान्सिस मॅसन, १७७२ साली, दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला. तो स्वतः बागेतला हाताखालचा माळी होता, हे मला विशेष वाटते. त्याने आणलेले एक सायकॅडचे झाड १७७५ साली क्यूला पोहोचले आणि अडीचशे वर्षांनंतर आजही जिवंत आहे. कुंडीत वाढणाऱ्या जगातील सर्वांत जुन्या झाडांत त्याची गणना होते. इतक्या वर्षांत त्याला शंकू धरला तो एकदाच, १८१९ मध्ये. म्हातारा, संधिवाताने जखडलेला बँक्स तो पाहायला मुद्दाम आला होता. दक्षिण आफ्रिकेतलेच दुसरे एक फूल या काळात क्यूला आले, ज्याला आपण बर्ड ऑफ पॅरडाइज म्हणतो. राणी शार्लटच्या माहेरच्या नावावरून बँक्सने त्याला ‘स्ट्रेलिट्झिया’ नाव दिले. आज ते पुण्याच्या फुलबाजारात लग्नाच्या सजावटीसाठी विकायला असते. घेणाऱ्याला राणीचे माहेर ठाऊक असण्याचे कारण नाही.

एटनने १७८९ साली बागेतील वनस्पतींची सूची छापली, तीत सुमारे साडेपाच हजार जाती होत्या. दोन बागांमधला रस्ता बंद करून १८०२ साली त्या एक झाल्या. जमिनीचे रूपही या वर्षांत पालटत होते. आज जिथे रोडोडेंड्रॉनची दरी म्हणून लोक फिरतात, ती दरी मूळची नव्हेच. १७७३ साली स्टॅफर्डशायरच्या पलटणीतील शिपायांना लावून सपाट जमिनीत ती खोदवून घेतलेली आहे. ज्याला आपण ‘निसर्गरम्य’ म्हणतो त्याखाली कोणाच्या तरी कुदळीचे घाव असतात.

१८२० मध्ये राजा आणि बँक्स दोघेही गेले आणि बागेला उतरती कळा लागली. पुढची वीस वर्षे मी भराभर वाचली. त्यात रडगाण्यापलीकडे फारसे काही नाही. पण शेवट चटका लावणारा आहे. सरकारने १८३८ साली जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली एक समिती नेमली. बाग राष्ट्राची करावी, असे तिचे मत पडले. दरबारी अधिकाऱ्यांचा बेत वेगळाच होता. झाडे कोणाला तरी देऊन टाकावीत आणि काचघरांत राजघराण्याच्या मेजासाठी द्राक्षे पिकवावीत! वर्तमानपत्रांतून आणि पार्लमेंटमध्ये ओरड झाली, लिंडली हटून बसला, आणि १८४० साली बाग सरकारी खात्याकडे आली. नारायणगाव-जुन्नरकडच्या माझ्या मैत्रिणींनी रागावू नये, पण द्राक्षांचा बेत फसला हे बरेच झाले.

१८४१ साली सर विल्यम हूकर हा पहिला अधिकृत संचालक झाला. तेव्हा त्याच्या ताब्यात जेमतेम १५ एकर बाग आणि दहाबारा जुनाट काचघरे होती. त्याने बाग सर्वसामान्यांना खुली केली. पहिल्या वर्षी नऊ हजारांच्या आसपास माणसे आली. १८५० साली हा आकडा पावणेदोन लाखांच्या वर गेला. आणि या लोकांना पाहण्यासारखे काही हवे म्हणून, आणि जुन्या घरांची छपरे फोडू पाहणाऱ्या ताडमाडांना जागा हवी म्हणून, ‘पाम हाऊस’ उभे राहिले.

हे घर १८४४ ते १८४८ या काळात बांधले गेले. लंडनचा वास्तुविशारद डेसिमस बर्टन आणि डब्लिनचा लोखंडी कामाचा कारखानदार रिचर्ड टर्नर या दोघांचे हे काम. आराखड्याचे श्रेय कोणाला किती यावर पुस्तकांतून वाद आहेत. मला वाटते, खरी करामत टर्नरची. बर्टनला मध्ये खांबांची गर्दी हवी नव्हती, पण ती टाळायची कशी हे टर्नरने दाखवले. जहाजाच्या तक्तपोशीखाली घालण्यासाठी त्या वेळी घडीव लोखंडाच्या नव्या तऱ्हेच्या तुळया निघाल्या होत्या. टर्नरने त्या वाकवून कमानी केल्या. म्हणूनच पाम हाऊसचे चित्र पाहताना उपडी घातलेली गलबते आठवतात. लांबी सुमारे ३६३ फूट, रुंदी १०० फूट, मधली उंची ६६ फूट, आणि काचेची तावदाने सुमारे सोळा हजार. ब्रिटनमध्ये काचेवर जबर कर होता. तो नेमका १८४५ साली उठला. कर असता तर इतकी काच घालण्याचे धाडस झाले असते का, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

काच साधी पांढरी नव्हती. उन्हाने पाने करपतील या भीतीने रॉबर्ट हंट या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून तांब्याचे भस्म मिसळून तिला हिरवट छटा दिलेली होती. आमच्या शेडनेटचाच हा थोरला भाऊ. पण लंडनच्या धुक्यात आणि धुरात झाडांना मिळेल तेवढा उजेडही अपुरा पडू लागला, आणि शतक संपता संपता हिरवी काच जाऊन साधी काच आली. ऑरेंजरीने शिकवलेला धडा पुन्हा एकदा गिरवावा लागला!

आता ऊब. एवढ्या प्रचंड काचघरात इंग्लंडच्या हिवाळ्यात विषुववृत्तावरची झाडे जगवायची, तर भट्ट्या रात्रंदिवस पेटत्या पाहिजेत. बर्टनला मात्र आपल्या सुंदर इमारतीवर धुराडे नको होते. म्हणून बॉयलर घराच्या खाली तळघरात बसवले. फरशीच्या जागी लोखंडी जाळ्या, त्यांखालून गरम पाण्याचे नळ. धूर जमिनीखालच्या बोगद्यातून सुमारे पाचशे फूट दूर नेऊन तेथे १०७ फूट उंचीचा विटांचा मनोरा बांधला, म्हणजे पाहणाऱ्याला तो धुराडे न वाटता देऊळच वाटावे. त्याच बोगद्यातून रुळांवरून कोळशाच्या लहान गाड्या आत येत. वर सावलीत सुटाबुटातले लोक ताडाची पाने न्याहाळत उभे आहेत आणि त्यांच्या पायांखालून कोळसा चालला आहे, असे हे चित्र.

कागदावर सगळे छान होते. पण धूर आडवा पाचशे फूट चालायला तयार होईना. भट्ट्यांना ओढ मिळेना. शिवाय घर बांधले होते तळ्याकाठच्या सखल, दलदलीच्या जागी. पावसाळी दिवसांत जमिनीतले पाणी तळघरात चढे, आणि भट्टीवाल्यांना पाण्यात उभे राहून आगीत कोळसा टाकावा लागे. पुढे मनोऱ्याचा नाद सोडून बॉयलरांना जवळच धुराडी द्यावी लागली. बर्टन, टर्नर, हूकर यांची नावे मी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात आहेत. त्या भट्टीवाल्यांचे एकाही पुस्तकात नाही. थंडीच्या एका रात्री ते झोपले असते, तर मॅसनने आणलेले झाडही उरले नसते. इतिहास म्हणजे कोणाचा, असा प्रश्न पहिल्या वर्षी परीक्षेत आला होता. मी तेव्हा पाठ केलेले उत्तर लिहिले आणि मला गुणही बरे मिळाले. आज तो प्रश्न आला तर मी तळघरापासून सुरुवात करीन.

या काचेखाली केवळ शोभा वाढली असे नाही. हिवतापावरील कोयनेल ज्या सिंकोनाच्या सालीपासून निघे, त्याची रोपे १८६० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून मिळवून क्यूला वाढवली गेली आणि नीलगिरीवर त्यांची लागवड झाली. १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलहून रबराचे सुमारे सत्तर हजार बी क्यूला आणून टाकले. त्यांतले अडीच-पावणेतीन हजारच उगवले. पण तेवढ्या रोपांतून श्रीलंका आणि मलाया येथील मळे उभे राहिले आणि ब्राझीलचा रबराचा व्यापार पुढे बसला. रोपे समुद्रावरून नेण्यासाठी नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने शोधलेली काचेची बंद पेटी वापरीत, म्हणजे हातात धरून नेण्याजोगे हरितगृहच. ताप उतरवणारे औषध स्वस्त झाले ही गोष्ट चांगली खरी, पण ज्या देशाचे बी त्या देशाला काय मिळाले, हा प्रश्न राहतोच. आमच्या पॉलिहाऊसमधील गुलाबाच्या जातीही परदेशी कंपन्यांच्या असतात आणि रोपामागे त्यांचे स्वामित्वधन द्यावे लागते, हे कळल्यापासून मला हा प्रश्न शिळा वाटत नाही.

नंतरच्या घरांविषयी थोडक्यात लिहिते. १८५२ साली पाम हाऊसच्या शेजारी एक चौकोनी कमळघर बांधले, ते ॲमेझॉनच्या खोऱ्यातील व्हिक्टोरिया या प्रचंड पानांच्या कमळासाठी. पण ज्या कमळासाठी घर बांधले, तेच तेथे नीट रुजले नाही! १८५९ नंतर बर्टनने ‘टेम्परेट हाऊस’ची उभारणी केली. पाम हाऊसच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्राचे हे घर, कडक उष्णता न लागणाऱ्या झाडांसाठी. बागेत त्याच सुमारास एक तळे खोदले जात होते. त्यातून निघालेल्या वाळू-खडीने या घराचा चौथरा भरला, ही काटकसर मला फार आवडली. मधला भाग १८६३ मध्ये खुला झाला. खर्च अंदाजाबाहेर गेल्यामुळे सरकारने हात आखडता घेतला आणि दोन्ही बाजूंचे भाग पुरे व्हायला १८९९ साल उजाडले. सरकारी काम कोठेही सारखेच, असे म्हणायचा मोह होतो.

१८७९ च्या ऑगस्टमध्ये क्यूवर गारपीट झाली आणि अडतीस हजारांहून अधिक तावदाने फुटली. एक-एक तावदान मोजून अहवालात लिहिले होते. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे वळवाच्या पावसाआधी वादळ झाले, तेव्हा आई कामाला जाते तिथला पेपर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाटून विजेच्या तारांवर जाऊन बसला होता. मालकाला विम्याचे पैसे मिळाले. बायकांना अठरा दिवस काम नव्हते.

मी हे प्रकरण येथेच संपवणार होते, पण पुढच्या पानावर एक छायाचित्र होते. १८९६ साली क्यूमध्ये पहिल्यांदा स्त्रियांना माळीकामावर घेतले. स्वान्ली येथील बागकामाच्या महाविद्यालयातून ॲनी गल्विन आणि ॲलिस हचिन्स या दोघी आधी आल्या. पुरुष माळ्यांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्यांनी पुरुषांसारखाच पोशाख करावा, असा दंडक होता : तपकिरी तुमान, लोकरी मोजे, जाकीट, कोट आणि डोक्यावर टोपी. झाले उलटेच. तो वेश पाहायलाच लोकांची गर्दी होऊ लागली, वर्तमानपत्रांतून थट्टा झाली. बिचाऱ्या कामावर पोहोचेपर्यंत वरून लांब रेनकोट घालून येऊ लागल्या.

हे सारे मी एका रविवारी आईला ओट्यावर बसून वाचून दाखवले. ती दादांचा निळा शर्ट धूत होती. पॉलिहाऊसमधल्या सगळ्याच बायका साडीवर असा पुरुषी शर्ट घालतात, काट्यांनी हात फाटू नयेत आणि औषधाचा फवारा अंगावर बसू नये म्हणून. भट्टीवाल्यांचे ऐकून ती म्हणाली, “पाण्यात उभं राहून जाळ घालायचा म्हंजे पायांची गत झाली आसंल.” कमळघराचे ऐकून हसली. छायाचित्र तिने साबणाचा हात पदराला पुसून जवळ घेतले आणि बराच वेळ पाहिले.

“आन् ह्यांला बघाया गाड्या भरभरून लोक येत व्हते?”

“हो.”

“आमाला तर फाटकावरचा वॉचमन बी वळखत न्हाई,” ती म्हणाली, आणि शर्ट पिळून दोरीवर टाकायला उठली.